रिबिल्ट टायटलवाली कोरोला घ्यावी का? ४ हजार डॉलर वाचतायत पण मन धजत नाहीये

डॅलसचा_पाहुणा

नमस्कार मंडळी, मागच्या ऑगस्टमधे एमएससाठी टेक्सासमधल्या डॅलसजवळ आलोय. आत्तापर्यंत रूममेटच्या गाडीवर भागवलं पण आता इंटर्नशिप लागलीये, ऑफिस २२ मैलांवर, बसने जायचं तर दोनदा बदलावी लागते आणि तरी शेवटचे २ मैल चालतच, म्हणजे गाडी घेणं आलंच. बजेट जास्तीत जास्त ९ हजार डॉलर, त्यातले काही बाबांकडून घेतोय त्यामुळे चूक करायची नाहीये.

एक २०१८ ची कोरोला बघितली, ६८ हजार मैल झालेत, ७,९०० ला देतोय. तसलीच गाडी क्लीन टायटलची (म्हणजे मालकीच्या कागदावर कसलाच शिक्का नसलेली) बघायला गेलो तर १२ हजाराच्या खाली कोणी बोलतच नाही. विकणारा म्हणतो टायटल रिबिल्ट आहे, "मागून थोडी ठोकली होती, बंपर आणि डिकी बदलली, स्टेटची तपासणी पास आहे, बाकी गाडी एक नंबर". मी १५ मिनिटं चालवून बघितली, मला तरी छान वाटली, एसी थंड, इंजिनचा आवाज नाही. फक्त मागचं उजवं दार जरा जोरात ओढून लावावं लागतं.

मला खरंच कळत नाही की साल्वेज आणि रिबिल्ट एकच का वेगळं, इन्शुरन्स मिळेल का, आणि २-३ वर्षांनी विकायची झाली तर कोणी घेईल का. तो शुक्रवारपर्यंत सांग म्हणतोय, अजून दोन गिऱ्हाइकं आहेत म्हणे. कोणी अशी गाडी वापरली असेल तर प्लीज सांगा.

क्लेम्सवाली_ताई

मी ओहायोत ९ वर्षं ऑटो क्लेम्समधे काम केलंय म्हणून जरा सविस्तर लिहिते, वाच शांतपणे, शुक्रवारची घाई त्याची आहे तुझी नाही.

साल्वेज म्हणजे इन्शुरन्स कंपनीने गाडी टोटल लॉस धरली, म्हणजे दुरुस्त करणं परवडत नाही असं ठरवलं, मालकाला पैसे दिले आणि गाडी स्वतःकडे घेतली, ती मग लिलावात जाते. त्या टायटलवर गाडी रस्त्यावर चालवता येत नाही, रजिस्ट्रेशनच होत नाही. मग कोणीतरी ती लिलावात घेतो, दुरुस्त करतो, कागद भरतो आणि टायटलवर रिबिल्ट असा शिक्का बसतो, मग ती चालवता येते. म्हणजे रिबिल्ट ही साल्वेजमधून परत आलेली गाडी. शिक्का कायमचा, कायद्याने पुसला जात नाही. काही गाड्यांना तर नॉनरिपेअरेबल किंवा जंक असा शिक्का असतो, त्या फक्त पार्ट्ससाठी, त्या बहुतेक ठिकाणी परत रस्त्यावर येऊ शकत नाहीत.

आता टोटल कधी धरतात ते प्रत्येक स्टेटचं वेगळं आहे आणि इथेच बरेच लोक फसतात. ओक्लाहोमात दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीच्या ६० टक्क्यांवर गेला की साल्वेज, न्यूयॉर्कमधे ७५ टक्के, फ्लोरिडात ८० टक्के. कॅलिफोर्निया किंवा आमच्या ओहायोत असा ठरलेला टक्का नाही, तिथे दुरुस्तीचा खर्च अधिक भंगारात येणारी किंमत हे दोन्ही मिळून गाडीच्या किमतीएवढं झालं की टोटल. आणि टेक्सासमधे १०० टक्के, म्हणजे दुरुस्तीचा खर्च अख्ख्या गाडीच्या किमतीपेक्षा जास्त, तेही रंगकामाचा खर्च न धरता. विचार कर, गाडी १३-१४ हजाराची असेल आणि टेक्सासच्या नियमाने साल्वेज झाली असेल तर बंपर आणि डिकीत एवढे पैसे जातील का? इन्शुरन्स कंपनी टेक्सासमधे स्वतःहूनही साल्वेज टायटल मागू शकते, त्यामुळे हा हिशोब दरवेळी लागू पडेल असं नाही, पण प्रश्न विचारायलाच हवा. त्याला पहिलं हे विचार की साल्वेजचा शिक्का कुठल्या स्टेटमधे बसला आणि कुठल्या कारणाने.

इन्शुरन्सचं म्हणशील तर लायेबिलिटी (तुझ्या चुकीने दुसऱ्याचं झालेलं नुकसान भरून देणारा विमा) मिळते, टेक्सासला ३०/६०/२५ हे किमान आहेच (हजार डॉलरमधे, एका जखमीमागे, एका अपघातातल्या सगळ्या जखमींमागे आणि मालमत्तेच्या नुकसानीला). पण कोलिजन (धडकेत स्वतःच्या गाडीचं नुकसान) आणि कॉम्प्रिहेन्सिव्ह (चोरी, गारपीट वगैरे) बऱ्याच कंपन्या रिबिल्टला देत नाहीत, आणि ज्या देतात त्या क्लेमच्या वेळी गाडीची किंमतच कमी धरतात. म्हणजे उद्या कोणी तुला ठोकलं आणि पळून गेला, किंवा गारपिटीत पत्रा गेला तर ७,९०० तुझ्या खिशातून गेले. गाडी घ्यायच्या आधी व्हिन नंबर (प्रत्येक गाडीचा वेगळा असलेला ओळख क्रमांक) देऊन दोन-तीन कंपन्यांना फोन कर, घेतल्यावर नाही. विकताना साधारण २० ते ४० टक्के कमी येतात, बँका आणि क्रेडिट युनियन बहुतेक कर्ज देत नाहीत, म्हणजे तुझं पुढचं गिऱ्हाईक रोख पैसेवालंच असणार.

स्पॅनर_मिशिगन

ताईंनी कागदाची बाजू सांगितली, मी पत्र्याची सांगतो, डेट्रॉइटजवळ बॉडी शॉपमधे बरीच वर्षं झाली.

मित्रा तू "स्टेटची तपासणी पास" लिहिलंयस ते वाचून राहवलं नाही. १ जानेवारी २०२५ पासून टेक्सासने खाजगी गाड्यांची वार्षिक सेफ्टी तपासणीच बंद केली, डॅलससारख्या काउंटींमधे फक्त धुराची म्हणजे एमिशनची टेस्ट राहिली आहे. त्यामुळे तो कुठली तपासणी म्हणतोय त्याला विचार. रिबिल्टसाठी टेक्सासमधे ज्याने गाडी दुरुस्त केली तोच फॉर्मवर लिहून देतो की मी काय काय बदललं. न्यूयॉर्कमधे डीएमव्हीचे (आपल्या आरटीओसारखं खातं) लोक गाडी स्वतः बघतात पण ते बघतात पार्ट चोरीचे आहेत का ते, गाडी सुरक्षित आहे याची हमी ते देत नाहीत आणि तसं ते स्वतःच सांगतात. लोक समजतात की रिबिल्ट टायटल म्हणजे सरकारने गाडी बरी आहे असं सांगितलं. तसं नाहीये. वेल्डिंग कसं झालंय हे कोणीही उघडून बघत नाही.

आता ते दार. मला सगळ्यात जास्त काळजी त्या दाराची वाटते. मागून बंपरवर धक्का बसला तर दार कशाला अडकेल? बंपर आणि डिकी बोल्टने लागतात, काढल्या-लावल्या, विषय संपला. पण मागच्या चाकावरचा पत्रा, ज्याला क्वार्टर पॅनल म्हणतात, तो बोल्टने नाही लागत, तो बॉडीला वेल्ड असतो आणि त्याच्याच आत तो खांब असतो ज्यावर मागच्या दाराचं लॉक बसतं. दार जोरात ओढावं लागतंय म्हणजे एकतर दार नुसतं नीट अॅडजस्ट केलेलं नाही किंवा ती चौकटच सरकलीये. दुसरं असेल तर गाडी सोडून दे. आजकालच्या गाड्यांच्या खांबांमधे जे जास्त ताकदीचं स्टील असतं ते तापवून सरळ केलं की त्याची ताकद जाते, बाहेरून रंग मारल्यावर तुला काही दिसणार नाही पण पुढच्या धडकेत तो खांब कागदासारखा दुमडतो.

शनिवारी दिवसाउजेडी जा आणि असं कर. डिकीतलं कार्पेट उचल, स्पेअर टायर बाहेर काढ, त्याच्या खालच्या खड्ड्याचा पत्रा हाताने चाचप. कंपनीचा पत्रा गुळगुळीत असतो, सीलंटची रेघ सगळीकडे सारख्या जाडीची असते, ठोकून काढलेल्या पत्र्यावर बारीक लाटा लागतात हाताला आणि सीलंट ब्रशने फासलेलं दिसतं. मग मागच्या उजव्या दाराचं रबर बोटाने बाहेर ओढ, आत पत्र्याच्या कडेला कंपनीच्या वेल्डिंगचे गोल ठिपके सारख्या अंतरावर दिसले पाहिजेत, डाव्या बाजूशी जुळवून बघ. टायरची आतली कड झिजलेली आहे का तेही.

आणि एअरबॅग. २०१८ च्या कोरोलात ८ एअरबॅग असतात, त्या सगळ्या बदलायच्या म्हटलं तर रिबिल्ट करणाऱ्याचा नफाच संपतो, म्हणून इथेच चोरी होते. इंजिन चालू न करता इग्निशन ऑन कर आणि डॅशबोर्डवर एअरबॅगचा लाल दिवा बघ, तो काही सेकंद पेटून विझला पाहिजे. पेटून राहिला तर सिस्टिममधे बिघाड आहे. पण पेटलाच नाही तर ते त्याहून वाईट, म्हणजे कोणीतरी मुद्दाम तो बंद केलाय. आणि दिवा बरोबर पेटून विझला तरी शंभर टक्के खात्री नाही, कारण एअरबॅगच्या जागी एक छोटा रेझिस्टर लावून कॉम्प्युटरला फसवतात, मी स्वतः स्टिअरिंग उघडल्यावर आत नुसती फडकी कोंबलेली बघितली आहेत. एकदा नाही, दोनदा. त्यातली एक गाडी ज्यांनी आणली होती त्यांच्या घरात दोन लहान मुलं होती.

२०२४ मधे एनएचटीएसए या सरकारी संस्थेने इशाराच दिला होता की बदली म्हणून बसवलेल्या स्वस्त, निकृष्ट एअरबॅग इन्फ्लेटरमुळे (बॅग फुगवणारा भाग) माणसं दगावली आहेत, धडकेत बॅग फुगायच्या ऐवजी धातूचे तुकडे चालकाच्या अंगात घुसले. अशा गाड्या बहुतेक आधी ठोकलेल्या आणि एअरबॅग एकदा उडालेल्याच असतात. त्यामुळे "नवीन एअरबॅग बसवली" एवढ्यावर जाऊ नकोस, पार्ट नंबरसकट पावती माग.

सँडीत_भिजलेले

मी न्यू जर्सीत राहतो, २०१३ च्या उन्हाळ्यात एक गाडी घेतली होती, ती सुद्धा क्लीन टायटलची, म्हणून हे लिहितोय. आदल्या ऑक्टोबरमधे सँडी चक्रीवादळ येऊन गेलं होतं, मला तेव्हा एवढी अक्कल नव्हती की त्यानंतरच्या वर्षी स्वस्त गाडी दिसली की आधी पाण्याचा संशय घ्यावा. डीलरने आतून शाम्पू करून कडक वासाचं फ्रेशनर लावलेलं. चार महिने ठीक चालली, मग एका थंडीत सकाळी काच आपोआप खाली गेली आणि वर येईना, पुढच्या आठवड्यात हायवेवर सगळे दिवे एकदम पेटले आणि गाडी बंद. बायको सातव्या महिन्यात होती, आम्ही दोघं हायवेच्या कडेला शोल्डरवर ४० मिनिटं उभे. मेकॅनिकने सीट काढली तर खाली वायरिंगचे कनेक्टर हिरवे पडलेले, खाऱ्या पाण्याने असं होतं, आतल्या आत सडत जातं, दुरुस्ती एका ठिकाणी केली की दुसरीकडे निघतं. नंतर कळलं की गाडी दुसऱ्या स्टेटमधे नेऊन टायटल बदलून आणलेली, शिक्का तिथे चढलाच नव्हता. याला टायटल वॉशिंग म्हणतात.

तेव्हापासून मी कोणाचीही गाडी बघायला गेलो की सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढतो, अगदी ओढता येईल तेवढा. जो भाग नेहमी गुंडाळलेला राहतो तिथे गाळाची रेघ किंवा पिवळट डाग राहून जातो, तो धुवायचं कोणाच्या लक्षात येत नाही. सीटच्या बोल्टवर गंज, हेडलाइटच्या आत वाफ, हेही बघा. ह्यूस्टन तुमच्याच स्टेटमधे आहे, २०१७ ला हार्वी वादळात तिथे किती गाड्या बुडाल्या ते आठवा, तुमची गाडी २०१८ मॉडेल असली तरी नंतरही पूर आलेत.

कागदासाठी एनएमव्हीटीआयएस रिपोर्ट काढा. हा सरकारी डेटाबेस आहे, २००९ पासून इन्शुरन्स कंपन्या आणि भंगारवाल्यांना तिथे माहिती द्यावीच लागते, एका स्टेटने शिक्का मारला की पुढे टायटल कितीही वेळा बदललं तरी त्यात दिसतो. जस्टिस डिपार्टमेंटच्या साइटवर मान्यता असलेल्या कंपन्यांची यादी आहे, थोड्या डॉलरांत रिपोर्ट मिळतो. शिवाय एनआयसीबी या विमा कंपन्यांच्या संस्थेचं व्हिनचेक फुकट आहे. पण यातही एक भोक आहे, ज्याच्याकडे नुसती लायेबिलिटी होती आणि त्याने क्लेमच केला नाही त्याची गाडी कुठेच दिसणार नाही. म्हणून रिपोर्टसुद्धा आणि मेकॅनिकसुद्धा, दोन्ही करा.

डेन्व्हरकर

सगळे घाबरवतायत म्हणून दुसरी बाजू. माझ्याकडे २०१६ पासून रिबिल्ट सुबारू आहे, गारपिटीत टोटल झालेली. छतावर आणि बॉनेटवर खळगे होते, बाकी इंजिन, फ्रेम, एअरबॅग कशाला धक्का नाही, मला आधीचे फोटो आणि इन्शुरन्सचं एस्टिमेट दोन्ही मिळालं होतं म्हणून घेतली. आज १ लाख ४० हजार मैल झालेत, टायर आणि ब्रेक सोडून खर्च नाही. चोरीला जाऊन उशिरा सापडलेल्या गाड्याही अशाच साल्वेज होतात, कधी कधी त्यांना काहीच झालेलं नसतं. जुनी ५ हजाराची गाडी तर एक दार आणि फेंडर गेला तरी टोटल होते. त्यामुळे नुसत्या शब्दाला घाबरू नका, पण आधी काय झालं होतं याचे फोटो नसतील तर मी हातही लावणार नाही.

फोटो कसे मिळतात ते सांगतो, व्हिन नंबर अवतरण चिन्हात टाकून गूगलवर शोधा, इमेजेसमधे पण बघा. कोपार्ट वगैरे लिलावातले जुने फोटो बऱ्याचदा कुठल्या ना कुठल्या साइटवर पडलेले असतात.

डॅलसचा_पाहुणा

काय बोलू कळत नाहीये, आधी सगळ्यांना मनापासून थँक्यू.

डेन्व्हरकर दादांनी सांगितल्याप्रमाणे व्हिन टाकला आणि १० मिनिटांत फोटो सापडले, एकूण १२. गाडी मागून ठोकलेली नाहीये, उजव्या बाजूने मागच्या दारावर आणि चाकावर ठोकलेली आहे. मागचं चाक तिरकं झालंय, उजवं दार आत गेलंय, आणि आतल्या फोटोत उजव्या खिडक्यांवरून पांढरी एअरबॅग पडद्यासारखी लोंबतेय. रिपोर्टमधे साल्वेज ओक्लाहोमाचं आहे, ताई तुम्ही विचारायला सांगितलं होतं ते कळलं, टेक्सासमधे नंतर रिबिल्ट झालीये.

काल संध्याकाळी परत गेलो. स्पॅनर दादा, दाराचं रबर ओढून बघितलं, डाव्या बाजूला ठिपके एका रांगेत आणि उजव्या बाजूला ठिपकेच नाहीत, सगळं सपाट आणि वर जाड रंग, नखाने दाबलं तर नख रुततं. मग इग्निशन ऑन केलं, एअरबॅगचा दिवा पेटलाच नाही. तीन वेळा केलं, बाकी सगळे दिवे पेटले आणि तो एकच नाही. मी त्याला फोटो दाखवून विचारलं की वरची एअरबॅग बदलल्याची पावती आहे का, तर म्हणाला मी अशीच घेतली होती, मला माहीत नाही, आणि लगेच ७,२०० म्हणाला.

मी नाही म्हणून आलो. पण खरं सांगतो, ७,२०० ऐकल्यावर एक मिनिट मन डळमळलं होतं. घरी आल्यावर आईला फोन केला तेव्हा तिला एअरबॅगचं सांगितलं नाही, नुसतं जमलं नाही म्हटलं.

स्पॅनर_मिशिगन

नख रुततं म्हणजे वेल्डच्या जागेवर काहीतरी मऊ, सीलंट किंवा पुट्टी, फासून झाकलंय. बरं झालं आलास तिथून. त्या बाजूने परत धडक झाली असती तर मागे बसलेल्याला वाचवायला ना खांब होता ना बॅग. आणि मागे तुझे रूममेटच बसले असते ना.

९ हजारात क्लीन टायटलची २०१२-१३ ची कोरोला किंवा सिव्हिक बघ, मैल १ लाखाच्या वर असतील, असू देत. विकणाऱ्याचा संबंध नसलेल्या मेकॅनिककडे लिफ्टवर चढवून बघून घे, दीडशे-दोनशे डॉलर जातील. विकणारा मेकॅनिककडे गाडी न्यायला नाही म्हणाला तर तिथूनच मागे फीर.

क्लेम्सवाली_ताई

आणि एनएचटीएसएच्या साइटवर व्हिन टाकून रिकॉल (कंपनीने दोष मान्य करून दुरुस्तीसाठी परत बोलावणं) पण बघ रे, जुन्या गाड्यांत ताकाटा कंपनीच्या एअरबॅगचा रिकॉल राहून गेलेला असतो, तो डीलरकडे फुकट करून मिळतो. आईला सांग खरं काय झालं ते, तिला बरंच वाटेल.

डॅलसचा_पाहुणा

सांगितलं ताई, आधी रागावली मग म्हणाली बाबांशी बोलून अजून ५०० पाठवते. २०१३ ची एक सिव्हिक मिळालीये, १ लाख १२ हजार मैल, एकच मालकीण, सगळ्या सर्व्हिसच्या पावत्या ठेवल्यात. रिपोर्ट क्लीन आहे, रिकॉल एक राहिलाय तो ती स्वतः करून घेते म्हणाली. शनिवारी ११ वाजता मेकॅनिकची वेळ घेतली आहे, सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघणार आहे. काय निघतंय ते इथे टाकतो.